पाठीवरचा पांढरा

"हुडीची किंमत नक्की ठरते कशावर?"

फाळके अण्णांनी हे विचारलं तेव्हा मी नळाखाली फ्रेम धूत होते. कोपरापर्यंत निळ्या शाईचे ओघळ. वळून बघितलं तर दारात ते. हातात काठी नव्हती, पण काठी असल्यासारखे उभे. अंगात इस्त्रीचा सफारी, केस काळेभोर रंगवलेले, आणि पायाशी कापडाचा भला मोठा गठ्ठा.

साताऱ्यात त्यांचा छपाईचा कारखाना होता. पोरांनी जागा विकून टाकली, तिथं आता मोबाइलची दुकानं झाली. माझी उमेदीची सात-आठ वर्षं त्या कारखान्यात गेली. शिकवलं तिथं कुणी काही नाही. मी फरशी पुसता पुसता बघून घेतलं. जाळी कशी ताणायची, शाई कशी ओढायची, भट्टी किती तापवायची. एक दिवस त्यांचा छपाईवाला आला नाही आणि मी फडकं टाकून शाई ओढायची स्क्वीजी हातात घेतली, ती आजतागायत.

"अण्णा, तुम्हीच विचारताय होय?" मी हात पुसत म्हटलं. "उभी हयात छापण्यात गेली की तुमची."

"आमच्या काळी बनियन होते, टी-शर्ट होते. ही टोपीची भानगड नव्हती." ते खुर्चीवर बसले. "आणि भाव तू... तुम्ही लावणार. म्हणून विचारलं, मंदाताई."

मंदाताई! पलीकडच्या टेबलावर जुबेदा आपा कापड कापत होती, तिची कात्री थांबली. आपा माझी भागीदार. तीही त्याच कारखान्यातली. तिथं माझं नाव 'ए मंदे' असं होतं आणि तिचं 'ए म्हातारे', तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती.

"काम काय आहे?" मी विचारलं.

काम असं होतं. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे चढणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक ग्रुप. नाव 'पहाटमंडळ', अध्यक्ष फाळके अण्णा. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून सगळ्यांना सारख्या हुड्या. थंडीला उबदार, फोटोला शोभिवंत. पाठीवर किल्ल्याचं चित्र आणि खाली मंडळाचं नाव, पांढऱ्या रंगात.

"माझ्याकडे कसे आलात?"

"लिमये बाईंनी सुचवलं. त्यांच्या भाच्याच्या कॉलेजची हुडी इथंच छापलेली. धुऊन धुऊन कापड विटलं, पण छाप हलला नाही म्हणे."

"लिमये बाई म्हणजे शाळेच्या?"

"हो. मंडळात आहेत त्या. ऐंशीला आल्या, पण चढतात बघा."

"दुकान माझं आहे हे माहीत आहे त्यांना?"

अण्णांनी गठ्ठ्याची गाठ उगाच चाचपली. "बोर्डावर नुसतं 'रंगरेषा' आहे. मीही काही बोललो नाही. कशाला जुनं उकरायचं?"

कशाला, खरंच. मी स्टूल ओढून समोर बसले.

"तर किंमत," मी म्हटलं. "पहिलं कापड. जाड का पातळ, आतून लव आहे का नाही. तुम्ही कापड स्वतःच आणलंय, म्हणजे ते सुटलं. दुसरं, रंग किती. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम. तुमचा एकच पांढरा, म्हणजे स्वस्तात आहात. तिसरं, नग किती. एक छापा नाहीतर शंभर छापा, फ्रेम बनवायला खर्च तेवढाच. नग वाढले की तो वाटला जातो."

"चाळीस नग."

"बरं. चौथं, छापायचं कुठं. छाती, पाठ, बाही, टोपी. जितक्या जागा तितक्या वेळा हुडी टेबलावर चढवायची आणि उतरवायची. शिवण मध्ये आली, खिसा आला, की वेळ वाढतो."

"छातीवर मंडळाची छोटी खूण हवी होती," अण्णा म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजून, "किती वाढतील त्यानं?"

मी सांगितलं.

"राहू द्या. छाती काढा. नुसती पाठ."

आपानं कात्री पुन्हा चालू केली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं.

"बघा हं अण्णा, पाठ आपली आपल्याला दिसत नाही."

"आपल्याला कशाला दिसायला पाहिजे? मागून येणाऱ्यांना दिसली म्हणजे झालं." आणि मग घसा खाकरून, "फक्त एक आहे. माझ्या एकट्याच्या पाठीवर खाली 'अध्यक्ष' असं यायला हवं. ठसठशीत."

"एका नगासाठी वेगळी फ्रेम लागेल. ती महागात पडते."

"ती लावा," अण्णा म्हणाले. तिथं त्यांनी बोटं मोजली नाहीत.

मी गठ्ठा सोडला. वरची हुडी हातात घेतली आणि माझ्या हाताला कापडाची ओळख पटली. गर्द मरून रंग. गुळगुळीत, किंचित निसटती.

"सुती म्हणून दिलंय," अण्णा म्हणाले. "लुधियानाचा माल. एकदम घेतला, म्हणून निम्म्यात पडला."

आतल्या शिवणीतला एक दोरा मी ओढला, आपाची काडेपेटी घेतली आणि पेटवला. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, राख होऊन चिमटीत विरतो. हा आक्रसला, काळा झाला आणि त्याच्या टोकाला मण्यासारखी टणक गाठ आली. ती मी अण्णांच्या तळहातावर ठेवली.

"पॉलिस्टर आहे."

"थोडंफार असेल."

"हा मरून भट्टीच्या उष्णतेनं सुटतो, अण्णा. वर छापलेल्या पांढऱ्यात हळूहळू चढतो. आज नाही चढणार. उद्या नाही. आठ-दहा दिवसांत पांढऱ्याचा गुलाबी होईल." मी त्यांच्याकडेच बघत होते. "त्याला उपाय आहे. आधी राखाडी शाईचं एक अस्तर मारायचं आणि त्यावर पांढरा. मग खालचा रंग वर येत नाही. नगामागे बारा रुपये जास्त."

अण्णा हसले. तोंडात सुपारी असल्यासारखं त्यांचं ते जुनं हसू.

"मला शिकवता? अहो, गिऱ्हाइकाचं बिल फुगवायला हेच अस्तर आम्ही लावायचो."

"तुम्ही कधीच लावलं नाहीत अण्णा. म्हणून तर सांगतेय."

हसू थांबलं. आपाची कात्रीही.

मी पुन्हा सांगितलं. हळू, शांत, एकेक शब्द सुटा. "अस्तर नाही मारलं तर गुलाबी होणार. मारू का?"

"साधा पांढरा मार," अण्णा म्हणाले. ताई गेली आणि मंदी परत आली. "मी सांगतो म्हणून मार."

"ऐकलंस ना आपा?"

"दोन्ही कानांनी," आपा म्हणाली.

अण्णा हेच वाक्य पूर्वीही बोलले होते. शब्दाला शब्द.

तेव्हा आम्ही त्यांच्या कारखान्यात होतो. एका मुलींच्या शाळेच्या ट्रॅकसूटचं काम आलं होतं, सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी. मरून कापड, पाठीवर पांढऱ्यात शाळेचं नाव. मी दोरा जाळून दाखवला, अस्तराचं बोलले. चार कारखान्यांत शाई उतरवत फिरणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारून विचारून मी ते शिकले होते. अण्णा म्हणाले, साधा पांढरा मार, मी सांगतो म्हणून मार. मी मारला. पोटासाठी नोकरी करणारी बाई दुसरं काय करणार?

संचलनाच्या आदल्या दिवशी पाठींवरचं नाव गुलाबी झालेलं होतं. तेही एकसारखं नाही, ठिकठिकाणी. नाक पुसलेल्या रुमालासारखं. लिमये बाई तेव्हा मुख्याध्यापिका. त्यांनी अण्णांना बोलावलं, आणि अण्णा मला घेऊन गेले. मला वाटलं, सामान उचलायला नेतायत. मैदानावर सगळ्या मुली पाठमोऱ्या रांगेत उभ्या केलेल्या.

"आमच्या या बाईनं शाई चुकवली," अण्णा म्हणाले. "भट्टी भलतीच तापवली. अडाणी आहे, काय करणार? ए मंदे, माफी माग बाईंची."

लिमये बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "खरं आहे का हे?" मी अण्णांकडे बघितलं. पगार व्हायचा होता. घरात नवरा हाड मोडून पडलेला. मी मान हलवली.

"मग बघा नीट, काय केलंत ते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला त्या रांगेवरून चालवत नेलं. एकेक गुलाबी पाठ. शेवटून तिसरी पाठ माझ्या लेकीची, निलमची होती. चौथीतली. दोन वेण्या मीच सकाळी घातलेल्या. ती वळली नाही. वळायची परवानगी नव्हती. पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

पगार अण्णांनी दिला आणि कामावरून काढलं. 'माल बिघडवते' हे गावभर पोचवलं ते वेगळं. त्यानंतर किती दिवस तरी निलम मला शाळेच्या फाटकापर्यंत येऊ देईना. कोपऱ्यावरच म्हणायची, "तू आता जा."

आणि आता अण्णा माझ्याच दुकानात बसून, माझ्याच चहाचा कप हातात घेऊन, तेच वाक्य बोलले होते.

ते गेल्यावर आपा माझ्या समोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"मारतेस ना साधा पांढरा? सगळ्यांना मार. खाऊ दे शेण म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत."

"लिमये बाई आहेत त्यात."

"मग तर अजून चांगलं! तिनंच तर तुला..."

"आपा, सगळ्या गुलाबी झाल्या तर बाई काय म्हणतील? अण्णा बोट कुणाकडे दाखवतील? 'बघा, मंदीच ती. तेव्हाही हिनंच केलं होतं.'"

आपानं कमरेवरचे हात खाली घेतले. हा विचार तिनं केला नव्हता. मी तो अण्णा उठायच्या आतच केला होता.

"म्हणजे अस्तर मारणार?"

"मारणार."

"आणि पैसे?"

"आपले."

"येडी का खुळी तू!" आपाचा आवाज चढला. "फुकटात अस्तर? त्या माणसाला? अगं, माझ्या हिश्श्याचे मी देणार नाही, सांगून ठेवते!"

"फुकट नाही. एका हुडीत सगळं वसूल करते."

"कुठल्या?"

आपानं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांनी काढून दिलेल्या 'अध्यक्ष' या अक्षरांच्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि ती खाली बसून हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"या अल्ला," ती म्हणाली. "माझ्या हिश्श्याचे घे हो. दुप्पट घे."

हुड्या मी स्वतः छापल्या. आधी राखाडी अस्तर, भट्टीतून काढून गार करायच्या, मग वर पांढरा. इतकं जपून मी लग्नाच्या पत्रिकासुद्धा छापल्या नसतील. किल्ल्याच्या तटाची एकेक रेघ उठली. एकेक हुडी उचलून उजेडात धरली, तेव्हा कुणाची असेल ही, असं मनात यायचं. निवृत्त पोस्टमन, दुधाची डेअरी चालवलेले कुणी, नर्सबाई. त्यांचा यात काय दोष? लिमये बाईंच्या मापाची सगळ्यात लहान हुडी होती. ती दोनदा तपासली.

'अध्यक्ष' असलेली मी शेवटी घेतली. वेगळी फ्रेम, वेगळे पैसे. ती अण्णांनी सांगितली होती अगदी तशीच छापली. साधा पांढरा.

अण्णा माल न्यायला आले तेव्हा गठ्ठ्यातल्या प्रत्येक हुडीवरचा छाप सारखाच शुभ्र होता. त्यांनी आपली उलगडून बघितली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"काय म्हणत होतीस? गुलाबी होणार?" ते म्हणाले. "धंद्यात भीती घालून पैसे काढायचे, ही तुमची सवय काही जायची नाही."

"बरोबर आहे अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं तसंच केलंय तुमचं."

"आता ही इस्त्रीवाल्याला देतो. कडक करून प्लास्टिकात घालून ठेवेल. थेट समारंभाच्या दिवशी अंगात."

कडक इस्त्री म्हणजे पुन्हा उष्णता. जे दहा दिवसांत व्हायचं ते पाच दिवसांत होणार होतं. हे मी त्यांना सांगायला हवं होतं का? दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा फी पडते.

समारंभाला त्यांनी मला बोलावलं नव्हतं. बोलावलं लिमये बाईंनी. दुकानात फोन आला, "मी मंडळातून बोलते. हुड्या फार सुंदर झाल्यात. ज्यांनी छापल्या त्यांना आम्हाला भेटायचंय." मी नाव सांगितलं नाही. येते म्हटलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी पहाटेची थंडी अशी होती की, बोलणाऱ्याच्या तोंडून वाफ निघावी. मंडळी जमलेली, सगळ्यांच्या अंगात मरून हुड्या, डोक्यावर टोप्या. सत्तरीची माणसं शाळकरी पोरांसारखी दिसत होती. एक आजोबा टोपीची नाडी ओढून ओढून बायकोला हसवत होते. अण्णा सगळ्यांसमोर उभे राहून भाषण करत होते, तोंड आमच्याकडे. मी आणि आपा मागं, चहाच्या गाडीपाशी. फार बोलले ते. मंडळ म्हणजे कुटुंब, शिस्त म्हणजे काय, कामात चोख कसं असावं.

मग म्हणाले, "चला, आता सगळे माझ्या मागोमाग!" आणि वळले.

टाळ्या मधेच थांबल्या. मग कुणीतरी खुसखुसलं. त्या शुभ्र पाठींच्या घोळक्यापुढं अण्णांची एकच पाठ चालली होती, आणि तिच्यावरचा किल्ला, मंडळाचं नाव, आणि खाली ठसठशीत 'अध्यक्ष', सगळं गुलाबी. बर्फाच्या गोळ्यावरच्या सरबतासारखं ठिकठिकाणी मुरलेलं. काठाला फिकं, मध्ये गडद.

"अध्यक्षांना खास रंग दिलाय वाटतं," नाडीवाले आजोबा म्हणाले.

"लाजले असतील," त्यांची बायको म्हणाली.

अण्णांना वाटलं, लोक आनंदात आहेत. त्यांनी हात वर करून पुढं चला अशी खूण केली. छातीवर खूण असती तर त्यांना सकाळी आरशातच कळलं असतं. छाती त्यांनी काढायला लावली होती.

लिमये बाई काठी टेकत शेवटी निघाल्या होत्या. पहिल्या वळणावर थांबल्या. डोळ्यांवरचा चष्मा काढला, हुडीच्या कडेनं पुसला, पुन्हा घातला, आणि अण्णांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या बाजूला गेले.

"हा रंग मी पाहिलाय," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशी. मग वळल्या. "छापणाऱ्या तुम्हीच का?"

"हो, बाई."

"मग सगळ्यांचं पांढरं आणि यांचंच गुलाबी कसं?"

"सगळ्यांची मी माझ्या मनानं छापली. त्यांची त्यांच्या सांगण्यावरून. हे कापड असलं की काय होतं ते मी त्यांना सांगितलं होतं. बारा रुपये वाचवायचे म्हणाले."

"मी होते तिथं," मागून आपा म्हणाली. "दोन्ही वेळेला."

"दोन्ही?"

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. फार वेळ. मी काही मदत केली नाही. माझे केस पांढरे झाले होते, अंगानं मी सुटले होते, पण हात तेच होते, नखांत शाई असलेले. त्यांची नजर माझ्या हातांवर गेली आणि तिथंच थांबली.

"तुमची मुलगी आमच्या शाळेत होती," त्या म्हणाल्या.

"शेवटून तिसरी."

बाईंच्या हातातली काठी एकदा दगडावर वाजली. "तुम्ही मान का हलवलीत तेव्हा?"

"पगार व्हायचा होता, बाई."

मला वाटलं, बाई रडतील. पण मुख्याध्यापिका होत्या त्या. त्यांनी पाठ ताठ केली आणि वर, चढावर चाललेल्या घोळक्याकडे बघून आवाज दिला. ऐंशीच्या बाईचा आवाज नव्हता तो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा होता.

"फाळके!"

सगळे थांबले. अण्णांनी मागं बघितलं. आधी बाई दिसल्या, मग त्यांच्या शेजारी मी. हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"काय झालं बाई?"

"पाठमोरे उभे राहा."

"अं?"

"पाठमोरे. आणि हलू नका."

आणि अण्णा वळले. का वळले, देव जाणे. त्या आवाजासमोर कुणीही वळलं असतं. बाईंनी माझा हात धरला, शाईचा, आणि मला चढावरून वर नेलं. सगळ्या शुभ्र पाठींच्या मधून, एकेक करत. लोकांनी वाट दिली. आम्ही अण्णांच्या पाठीमागं उभ्या राहिलो.

"यांना ओळखता ना?" बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

अण्णा समोरच्या झाडाशी बोलल्यासारखं म्हणाले, "हो."

"शाई कुणी चुकवली होती, फाळके?"

खाली गावातून दुधाच्या गाडीचा भोंगा आला. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण टोपी मागं पडलेली होती आणि कान दिसत होते. रंगवलेल्या केसांखाली दोन्ही कान लाल झाले होते.

"मी," अण्णा म्हणाले.

"मोठ्यानं."

"मी. त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बाईंनी माझा हात सोडला नाही. उतरतानाही नाही. पायथ्याशी आल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा नंबर द्या मला. तिच्याशी बोलायचंय." मी दिला. पुण्याला असते ती. त्या दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. त्या रविवारी निलम नेहमीपेक्षा जास्त वेळ फोनवर होती, आणि ठेवताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते. दुकानात बसेन दिवसभर."

त्या सकाळी दुकानात पोचल्यावर आपानं चहा टाकला. "वसूल?" तिनं विचारलं.

"वसूल."

आता गिऱ्हाइकं येतात, विचारतात, हुडीची किंमत कशावर ठरते. मी सांगते. कापडावर, रंगांवर, नगांवर, जागेवर, घाईवर. सहावी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइक कोण, ती सांगत नाही.

अण्णांची ती हुडी मी बदलून दिली नाही. त्यांनीही कधी मागितली नाही. मागितली असती तर नाही म्हटलं नसतं. भाव सांगितला असता.